वैद्यांचा संगणक आणि चोरीचे सॉफ्टवेअर

हळदीच्या व्रणरोपण गुणावर १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठास पेटंट मिळाले, ते आपणा सर्वांस खटकले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने संस्कृत ग्रंथांसह जुने पुरावे सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. दुसऱ्याच्या बुद्धीचे फळ विनापरवाना उचलू नये, हा त्या लढ्यातील न्याय आपण आपल्या संगणकासही लावतो काय, हा प्रश्न आम्ही सभासदांपुढे ठेवीत आहोत.

औषधांची लेबले व माहितीपत्रके मराठीत छापून घेणाऱ्यांस पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ परिचित आहे. तिच्यासोबत संगणकास जोडावयाचे एक छोटे कुलूप, म्हणजे डोंगल, मिळत असे. ते जागेवर नसेल तर प्रणाली चालत नसे. अलीकडे बहुतेक कंपन्या इंटरनेटवरून परवाना-क्रमांक पडताळून तो ठराविक यंत्राशी बांधून देतात. ही कुलुपे फोडलेल्या प्रती बाजारात अल्प किमतीत मिळतात आणि आपल्यापैकी काहींच्या दवाखान्यांत त्या चालूही असतात.

अशा प्रतीत मूळ आज्ञावलीच बदललेली असते. बदल कोणी केला आणि सोबत काय घातले, हे घेणाऱ्यास कळत नाही. ती बसविताना विषाणूरोधक बंद करण्यास सांगितले जाते आणि पुढील सुधारणाही बहुधा मिळत नाहीत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरचे संगणक खंडणीसाठी कुलूपबंद केले. त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती; प्रामुख्याने ती न बसविलेली यंत्रे बळी पडली. भाटघर धरणाच्या परिसरात किंवा वेल्ह्याच्या डोंगराळ गावांत व्यवसाय करणाऱ्या वैद्याचे यंत्र असे अडले, तर चोरीच्या प्रतीसाठी तो कोणाकडे दाद मागणार? रुग्णांचे जुने केसपेपर, औषधांचा साठा, मुदतीच्या तारखा आणि उधारीचा हिशेब एका दिवसात हातचा जाऊ शकतो.

कायदाही स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६३-ब नुसार चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यवसायाबाहेरील वापरास न्यायालय सौम्यता दाखवू शकते. दवाखाना व औषधालय यांस तो आधार नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हक्कभंगाच्या हेतूने कुलूप फोडणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. मात्र अधिकृत ग्राहकास सुरक्षिततेसाठी राखीव प्रत ठेवण्याची मुभा हाच कायदा देतो.

सभासदांनी संगणक घेताना प्रत्येक प्रणालीचे बिल व परवाना मागून घ्यावा, तो किती यंत्रांसाठी आहे हे पाहावे आणि नोंदींची राखीव प्रत नियमितपणे वेगळ्या जागी ठेवावी. खर्च झेपत नसल्यास लिब्रेऑफिससारखी विनामूल्य, मुक्त परवान्याची प्रणाली वापरावी. तीत युनिकोड मराठी उत्तम चालते. भेसळीचे औषध आपण रुग्णास देत नाही. त्याची नोंद ठेवणारे साधनही तितकेच शुद्ध असावे.