प्रवाळांच्या टाकीत कोणती गोगलगाय?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवायचे, तर त्यांना भरपूर प्रकाश द्यावा लागतो. प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात. ती प्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. पण त्याच प्रकाशावर आणि माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या नायट्रेट-फॉस्फेटवर काचेवरचे नको असलेले शैवालही पोसले जाते. म्हणून नवी टाकी काही आठवड्यांतच आधी तपकिरी आणि मग हिरवी दिसू लागते.

समुद्रात हे शैवाल सतत कोणीतरी चरत असते. चरणारेच नाहीसे झाले तर काय होते, ते जमैकात दिसले. तेथे शैवाल खाणारे मासे बेसुमार मासेमारीने आधीच घटले होते. १९८० च्या चक्रीवादळाने प्रवाळ मोडले, आणि १९८३-८४ मध्ये लांब काट्यांचे सागरी अर्चिन रोगाने जवळजवळ संपले. १९७७ च्या सुमारास निम्म्या तळावर जिवंत प्रवाळ होते; १९९० नंतर ते सुमारे ३ टक्के उरले, बाकी बहुतेक शैवाल! टाकीत अर्थातच चरण्याचे हे काम बहुधा गोगलगायींवर सोपवले जाते.

गोगलगायीच्या तोंडात रॅड्यूला नावाची, बारीक दातांच्या ओळी असलेली पट्टी असते. कानशीने लाकूड घासावे तशी ती काच घासते. त्यामुळे पातळ थर आणि कोवळे तंतू ती साफ करते. बोटभर वाढलेले शैवाल मात्र आपल्यालाच हाताने उपटावे लागते.

मग गोगलगाय निवडायची कशी? आमच्या मते पहिला प्रश्न 'ती किती खाते' हा नसून 'ती कोठली' हा असावा. 'मार्गारिटा' या गोड नावाने विकली जाणारी गोगलगाय अलास्का ते कॅलिफोर्निया या थंड किनाऱ्यावरची आहे. प्रवाळांची टाकी असते २५-२६ अंश सेल्सिअसला. पाणी जितके उबदार, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. उलट प्राण्याची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली. ही गोगलगाय पहिल्या दिवशी मरत नाही. काही आठवडे काच साफ करते, मंदावते आणि मग जाते. पाळणाऱ्याला वाटते, तिचे आयुष्यच तेवढे! शिवाय दगडांमागे मेलेली गोगलगाय कुजली, की बंदिस्त पाण्यात अमोनिया वाढतो.

दुसरा प्रश्न: उलटी पडली तर ती सुलटी होते का? कॅरिबियन भागातली अ‍ॅस्ट्रिया काच उत्तम साफ करते, पण वाळूत उताणी पडली तर तिला बहुधा उलटता येत नाही. तेथेच उपाशी मरते किंवा खेकड्याच्या तोंडी जाते. ट्रोकसचा शंखही शंकूसारखाच, तरी ती पाय ताणून सुलटी होते. ती हिंदी-प्रशांत महासागरातल्या प्रवाळखडकांवरची, म्हणजे उबदार पाण्याची. आपल्या अंदमानातही आढळते. (तिच्याच शंखापासून पूर्वी सदऱ्याची चकचकीत बटणे करीत.) एकच जात घ्यायची असेल, तर आम्ही ट्रोकसच सुचवू. मेक्सिकन टर्बो हावरट खरी, पण बुलडोझरसारखी चालते. सैल ठेवलेले प्रवाळ पाडते, आणि लहान टाकीत तिला अन्न पुरत नाही. सेरिथ लहान असते. रात्री वाळू आणि फटी धुंडाळते. नासारियस तर शैवालखाऊ नव्हेच, ती मेलेले प्राणी खाते. तरीही दुकानात ती याच रांगेत मांडलेली दिसते.

दर लिटरमागे इतक्या गोगलगायी, असा हिशेब दुकानदार सांगतात. आम्ही तो मानीत नाही. आधी तीन-चार सोडाव्यात, महिनाभर काच पाहावी, मग ठरवावे. सोडताना टाकीचे पाणी थेंबथेंब मिसळून तासभरात क्षारतेची सवय करावी, आणि तांबे असलेले माशांचे औषध टाकीत कधीही घालू नये, कारण गोगलगायींना ते विषच आहे. प्रवाळ मात्र किनाऱ्यावरून उचलून आणू नयेत. २००१ पासून भारतात त्यांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

आता राहिली नेराईट. टाकीतून वर चढून बाहेर पडण्याची तिची खोड प्रसिद्ध आहे. तिचे कारण कोकणात ओहोटीच्या वेळी समजते. खडकावर नेराईट पाण्याच्या किती वर बसल्या आहेत, हे मुलांना पट्टीने मोजू द्यावे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणारा प्राणी तो. टाकीला झाकण हवे.