तोट्याचा रकाना

२०२२ च्या डिसेंबरमध्ये यमुनेपलीकडच्या एका सरकारी शाळेने मला पाहुणा परीक्षक म्हणून बोलावले होते. निवृत्त सनदी अधिकाऱ्याला अशी बोलावणी अधूनमधून येतात. व्यासपीठावर बसायचे, चार शब्द बोलायचे आणि हाती दिलेले रोपटे घेऊन घरी परतायचे. या वेळी मात्र खरोखरच काम होते. अकरावीचे सहा गट आपापला व्यवसाय मांडणार होते आणि मी त्यांना प्रश्न विचारायचे होते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. दिल्ली सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्या शाळांत नववी ते बारावीसाठी उद्योजकतेची मानसिकता घडवणारा अभ्यासक्रम सुरू केला. त्याचाच पुढचा टप्पा म्हणून सप्टेंबर २०२१ मध्ये ‘बिझनेस ब्लास्टर्स’ हा कार्यक्रम आला. अकरावी-बारावीच्या मुलांनी गट करायचे, व्यवसायाची कल्पना सुचवायची आणि ती मान्य झाली की प्रत्येकी दोन हजार रुपये बीजभांडवल घ्यायचे. त्यासाठी साठ कोटी रुपयांची तरतूद होती. पहिल्या वर्षी सुमारे तीन लाख विद्यार्थी त्यात उतरले आणि एकावन्न हजारांच्या आसपास कल्पना पुढे आल्या. त्यांतून निवडलेले १२६ संघ मार्च २०२२ मध्ये त्यागराज स्टेडियमवर गुंतवणूकदारांसमोर उभे राहिले. दूरचित्रवाणीवर कार्यक्रम झाला, जाहिराती झाल्या. ‘नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे’ हे घोषवाक्य घरोघरी पोहोचले.

माझ्यासमोर मात्र त्या १२६ मधले कोणी नव्हते. पाच मुलींनी दहा हजार रुपयांत लोणच्याचा व्यवसाय केला होता. वही नीटनेटकी होती. कैऱ्या हंगामात घेतल्या होत्या, तेल ठोक बाजारातून आणले होते आणि बरण्यांचा भाव तीन ठिकाणी विचारला होता. नफा तीन हजार चारशे रुपये. मी विचारले, ‘‘लोणचे घातले कोणी?’’ एकीची आई, असे उत्तर आले. ‘‘तिच्या कामाचे किती धरले?’’ मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. तिथे काहीच धरलेले नव्हते. मग त्यांच्यातच वाद सुरू झाला. एक म्हणाली, शेजारच्या सोसायटीत स्वयंपाकाला जाणाऱ्या बाईंना मिळतो तो दर लावू. दुसरी म्हणाली, सरकारी किमान वेतनाचा लावू. तिसरीने हिशेब करून सांगितले की कुठलाही दर लावला तरी नफा उरत नाही. मी तीस-बत्तीस वर्षे प्रकल्प अहवाल वाचले आहेत. गृहिणीच्या श्रमाची किंमत शून्य धरलेले कितीतरी अहवाल मी स्वतः मंजूर केले आहेत. त्या दहा मिनिटांत त्या मुलींना जे कळले, ते मला फार उशिरा कळले.

दुसरा गट मुलांचा होता. एलईडी दिवे सुटे भाग आणून जोडायचे आणि वस्तीत विकायचे. त्यांचा नफा बरोबर एक हजार रुपये होता. इतका गोल आकडा पाहून सरकारी माणसाला शंका येतेच. कार्यक्रम संपल्यावर त्यांतला एक मुलगा जिन्याजवळ थांबला आणि त्याने खरे काय ते सांगितले. पहिल्या खेपेचे बरेच दिवे आठवड्यात गेले, ग्राहकांनी परत आणले आणि जवळपास चार हजार रुपये बुडाले. वही जुळावी म्हणून दोघांनी घरून पैसे आणले होते. बीजभांडवल परत करायचे नसते, हे त्यांना सांगितलेले होते. त्यावर विश्वास बसला नव्हता, इतकेच. आणि बसणार तरी कसा? शाळेने आपल्यापुरता जो तक्ता आखला होता त्यात मिळालेली रक्कम, खर्च, विक्री आणि नफा असे चार रकाने होते. तोटा लिहायला जागाच नव्हती.

तक्ता आखणाऱ्या शिक्षिकेला मी दोष देत नाही. त्या आमच्याच परंपरेत वाढलेल्या. सरकारी पैसा खर्च झाला की उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे, ‘ज्या कामासाठी दिला त्याच कामी लागला’ असे लिहून सही करायची. पैसा बुडाला असेल तर निर्लेखनाचा प्रस्ताव, त्याआधी चौकशी, त्याआधी जबाबदारी निश्चित करणे. सार्वजनिक पैशाला हे संरक्षण हवेच. मी त्याची टिंगल करणार नाही. पण ज्या रकमेचा उद्देशच मुलांनी ती धोक्यात घालून पाहावी हा आहे, तिला हीच मोजपट्टी लावली की मुले व्यवसायाऐवजी वही जुळवायला शिकतात.

मला माझे जिल्ह्यातले दिवस आठवले. २ ऑक्टोबर १९९३ रोजी पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली. सुशिक्षित बेरोजगारांना एक लाखापर्यंतच्या प्रकल्पासाठी कर्ज. निवड समितीत मी बसत असे. समोर येणारा तरुण घाम पुसत सांगे: तंबू-कनातीचे दुकान. पुढचा: झेरॉक्स. त्यापुढचा: तंबू-कनात. आम्ही विचारत असू की जागा आहे का, हमीदार कोण, शिक्षण किती. ‘‘पहिल्या वर्षी गिऱ्हाईक आले नाही तर काय कराल?’’ हा प्रश्न मी एकदाही विचारल्याचे मला आठवत नाही. कर्जे थकली तेव्हा आम्ही लाभार्थ्यांच्या मानसिकतेवर टिपणे लिहिली.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आणखी मागे जावेसे वाटते. शाळेत हाताला काम आणि कामाला मोल, हा विचार दिल्लीत २०१९ मध्ये जन्मला नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हा मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा असा त्यांचा आग्रह होता. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी तिथेच हरकत घेतली: शाळांचा माल बाजारात आला तर तो गावच्या कारागिराच्या पोटावर येईल. अभ्यासक्रम आखण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष दिल्लीच्या जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन होते. त्यांच्या अहवालाने योजना उचलून धरली, पण इशाराही दिला. आर्थिक बाजूवर भर वाढला तर शिक्षक मुलांकडून अधिकाधिक काम काढून घेण्यात गुंततील आणि शिक्षण मागे पडेल, असा त्याचा आशय होता. त्या काळी उत्पादनाच्या आकड्याची भीती होती, आज यशोगाथेच्या आकड्याची आहे. महाराष्ट्रात त्याआधीही एक प्रयोग होऊन गेला होता. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा-पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगावला १९०८ मध्ये काच कारखाना निघाला. तो कारखाना होता तशीच शाळाही होती. तिथे तरुणांना काचकाम शिकवले जाई.

हे सगळे आज सांगण्याचे कारण असे की आर्थिक प्रगतीचे शिक्षण आपली मुले घेतच आहेत, फक्त ते शाळेबाहेर घेत आहेत. मी राहतो त्या नोएडात मेट्रोच्या डब्यात वीस-बावीस वर्षांची मुले फोनवर ऑप्शनचे भाव पाहताना रोज दिसतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. तीस वर्षांखालील व्यवहार करणाऱ्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेले. सलग दोन वर्षे तोटा सोसूनही तीन चतुर्थांशांहून अधिक जण थांबले नाहीत. लोणच्याच्या वहीत आईचे श्रम दिसत नव्हते. फोनच्या पडद्यावर दलाली आणि शुल्क सहज नजरेआड होते. २०२३-२४ मध्ये या व्यवहारखर्चापोटीच माणशी सरासरी २६ हजार रुपये गेले.

दुसरी गुंतवणूक अधिक प्रतिष्ठित आहे, म्हणून तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. जुन्या राजेंद्रनगरात आणि मुखर्जीनगरात मराठी मुलांच्या खोल्या आहेत. गावाकडे जमिनीचा तुकडा विकून किंवा सोने गहाण ठेवून आलेली ही मुले. २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ५ लाख ८३ हजार २१३ उमेदवार बसले आणि १,००९ जणांची शिफारस झाली. मी याच परीक्षेचा लाभार्थी आहे, तेव्हा उपदेशाचा अधिकार मला नाही. पण शेतकरी कुटुंबाचे खरे बीजभांडवल आज कुठे जाते, हे कोणी विचारले तर उत्तर ‘स्टार्टअप’ नाही, ‘क्लास’ आहे. आणि ‘नोकरी देणारे व्हा’ हे आवाहन प्रामुख्याने सरकारी शाळेतल्या, म्हणजे ड्रायव्हर, शिंपी, घरकाम करणाऱ्यांच्या मुलांना केले जाते. ते आवाहन करणाऱ्यांपैकी बहुतेकांची स्वतःची मुले कुठे तयारी करत आहेत, हे मला माहीत असते. आम्ही एकाच सोसायटीत राहतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत सत्ता बदलली. नव्या सरकारने ‘नीव’ या नावाने आपली उद्योजकता योजना आणली आहे. नाव बदलण्याचा हक्क निवडून आलेल्यांचा आहे आणि नवी योजना जुनीपेक्षा चांगली ठरू शकते. माझी मागणी लहान आहे. पहिल्या वर्षी बीजभांडवल घेतलेली मुले आज विशीत आहेत. त्यांची नावे शाळांच्या हजेरीपटांवर आहेत, गटांच्या नोंदी आहेत. त्यांतली एक हजार मुले यादृच्छिक पद्धतीने निवडावीत आणि आज काय करता, तेव्हा पैसा बुडाला होता का, बुडाल्यावर घरी काय म्हणाले, पुढे कर्ज घेताना किंवा नाकारताना त्या वहीचा उपयोग झाला का, असे विचारावे. साठ कोटींच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्राच्या किंवा शिक्षणशास्त्राच्या विभागाकडे हे काम सोपवता येईल. विजेत्या संघांना मात्र या यादीतून वगळावे. त्यांची हकिगत आपण पुरेशी ऐकली आहे. आणि नव्या योजनेचे तक्ते छापायला जाण्यापूर्वी त्यात पाचवा रकाना घालावा.