किरणोपचार हप्त्याहप्त्याने का?

श्रोतेहो, मालवणचा माणूस कर्करोगावर किरण घ्यायला मुंबईस, १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात गेला, की घरचे विचारतात, "एकदाच का देऊन टाकत नाहीत? पाच-सहा आठवडे कशाला?" प्रश्न रास्त आहे. मजुरी बुडते, राहण्याचा खर्च वाढतो, आणि कुणी अर्ध्यावरूनच परत फिरतो.

उत्तर प्राणवायूत आहे. भरतीचे पाणी जसे खाडीच्या आतल्या कोंडीपर्यंत पोहोचत नाही, तसा रक्तातला प्राणवायू केशवाहिनीपासून जेमतेम ०.१५ मिलिमीटर आत जातो. गाठ भराभर वाढते, रक्तवाहिन्या मागे पडतात. आतल्या काही पेशी मरतात; काही मात्र प्राणवायूवाचून साखर अर्धवट मोडून, लॅक्टिक आम्ल सोडीत तग धरतात.

किरण पेशीतील डीएनए तोडतात आणि प्राणवायू ती इजा पक्की करतो. तो नसला तर पेशी मारायला अडीच ते तीन पट किरण लागतात. इंग्लंडात ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली याचे महत्त्व दाखवून दिले.

म्हणून मात्रा वाटून देतात. बाहेरच्या पेशी मेल्या, की आतल्यांना प्राणवायू मिळू लागतो आणि पुढचे किरण त्यांना बाधतात. मधल्या वेळात निरोगी पेशीही सावरतात.

तेव्हा मंडळी, उपचारात खाडा नको. विडी सोडा, तिच्या धुराने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. आणि गुरुजी, अर्ध्यावरून परतलेला कुणी गावात भेटला, तर त्याला एवढे समजावून परत पाठवा.