फाशी मागणारा नेमके काय मागतो?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर स्थानकात हजारो माणसे रुळांवर उतरली आणि लोकल गाड्या कित्येक तास अडून राहिल्या. शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराने पेटलेल्या त्या जमावाची मागणी एकच होती: फाशी, आणि तीही ताबडतोब. त्याआधी आठ वर्षे कोपर्डीतल्या मुलीवरील बलात्कार आणि खुनाच्या घटनेनंतर निघालेल्या मूक मोर्चांनीही हेच मागितले होते. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या शक्ती विधेयकात बलात्काराच्या गंभीर प्रकारांसाठी फाशीची तरतूद होती, आणि तिच्या विरोधात उभे राहण्याची कुणाही मोठ्या पक्षाची तयारी नव्हती. अशा राज्यात फाशी रद्द करा म्हणणाऱ्याचे ऐकणार कोण? ऐकणारे मिळू शकतात, असे मला वाटते. मात्र त्यासाठी या मागणीच्या मुळाशी जायला हवे. बदलापूरचे लोक गुन्ह्यावर चिडले होते, तितकेच तक्रार नोंदवून घ्यायला झालेल्या दिरंगाईवरही चिडले होते. प्रकरण दाबले जाईल, आरोपी पैशाच्या किंवा ओळखीच्या जोरावर सुटेल, खटला मुलगी मोठी होईपर्यंत रेंगाळेल, ही त्यांची भीती होती. या भीतीवर फाशीने खरोखर उतारा पडतो का, हे तपासून दाखवणे हेच फाशीविरोधकांचे पहिले काम आहे. आजवर त्यांनी ते फारसे केलेले नाही. त्यांचा भर जीवनाच्या पावित्र्यावर आणि गांधीजींवर असतो. समोरचा 'तुमच्या घरात घडले असते तर?' एवढेच विचारतो आणि संवाद तिथेच आटोपतो.

ज्यांच्या घरात खरोखर घडले त्यांना फाशी काय देते, ते पुण्याच्या एका खटल्यात दिसते. गहुंजे येथे २००७ मध्ये एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर सामूहिक बलात्कार होऊन तिचा खून झाला. दोघांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कायम केली, दयेचा अर्ज फेटाळला गेला, तरी अंमलबजावणी रखडली. हा विलंब चार वर्षांहून अधिक आणि अक्षम्य असल्याचे सांगत मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये शिक्षा पस्तीस वर्षांच्या कारावासावर आणली. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातील दोघी बहिणींचेही तेच झाले. त्यांच्या फाशीवर २००६ मध्ये शिक्कामोर्तब झाले, आणि ती जन्मठेपेत बदलली गेली २०२२ मध्ये, पुन्हा सरकारी विलंबामुळे. हे अपवाद मानण्याचे कारण नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या शतकाच्या पहिल्या दीड दशकातल्या फाशीच्या शिक्षांपैकी शेवटच्या न्यायालयापर्यंत टिकलेल्या शिक्षा पाच टक्क्यांहून कमी निघाल्या. जवळपास तीस टक्के शिक्षांमध्ये तर आरोपी निर्दोष ठरले. म्हणजे सत्र न्यायालयाच्या आवारात पेढे वाटले जातात, आणि त्यानंतर मृताच्या आईबापांच्या वाट्याला दहा-पंधरा वर्षांचे हेलपाटे येतात. प्रत्येक अपिलाला जखम नव्याने उघडते. जन्मठेप झाली असती तर तो माणूस पहिल्या दिवसापासून आपली शेवटची शिक्षा भोगत असता.

निर्दोष ठरलेल्यांची गोष्ट आपल्याकडे कुणी फारशी सांगत नाही, पण जनमताला सर्वांत जास्त हलवते ती तीच. नाशिकजवळ २००३ मध्ये एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले. भटक्या जमातीतील सहा जण पकडले गेले. उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची फाशी काढून जन्मठेप दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. मग २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून भलतेच चार जण ओळखले होते आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, ही नोंद निकालात आहे. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकी पाच लाखांची भरपाई देण्याचा आदेश झाला, कारण ती घ्यायला ते जिवंत होते. वर उल्लेखलेल्या अभ्यासात फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घरांतले आढळले. पैशाच्या जोरावर सुटण्याची जी चीड जमावाला असते, तिची ही दुसरी बाजू आहे. ती त्याच जमावाला समजावून सांगण्यात मला काही अवघड दिसत नाही.

यावर वजनदार आक्षेप असा, की लोकशाहीत बहुसंख्यांना फाशी हवी असेल तर ती काढणारे तुम्ही कोण? पण 'हवी' म्हणजे किती हवी, हे कुणी विचारलेले असते का? मलेशियात २०१३ मध्ये गुन्हेशास्त्रज्ञ रॉजर हूड यांनी प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणात खुनाला सक्तीची फाशी असावी असे निम्म्याहून जास्त लोक म्हणाले. त्यांच्यापुढे खुनाच्या निरनिराळ्या हकिकती ठेवल्यावर प्रत्येक हकिकतीत फाशी निवडणारे सुमारे चौदा टक्केच उरले. मलेशियाने पुढे २०२३ मध्ये सक्तीची फाशी काढून टाकली. झिम्बाब्वेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६१ टक्के लोक फाशीच्या बाजूचे होते, पण सरकारने ती रद्द केली तर आपण ते स्वीकारू, असे त्यांच्यातल्याच ८० टक्क्यांनी सांगितले. डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या दिवशी तिथे फाशी रद्द झाली. कायद्यावर सही करणारे अध्यक्ष म्नांगाग्वा यांना तरुणपणी, स्वातंत्र्यलढ्यात, स्वतःलाच फाशीची शिक्षा झालेली होती. फ्रान्समध्ये १९८१ साली कायदेमंत्री रोबेर बादँतेर यांनी विधेयक मांडले तेव्हा साठ टक्क्यांहून अधिक जनता विरोधात होती. ब्रिटनने १९६५ मध्ये खुनासाठीची फाशी थांबवली. तिथला पाठिंबा निम्म्याखाली घसरल्याचे सामाजिक सर्वेक्षणात दिसायला २०१४ साल उजाडले. मत आधी आणि कायदा नंतर, असा क्रम क्वचितच राहिला आहे. आपल्याकडेही ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी फाशीच्या अपिलांविषयी बोलताना, त्यापेक्षा ही शिक्षाच रद्द करणे आपण पसंत करू, असे म्हटले होते. महाराष्ट्रात त्यांच्या इतर विधानांची पारायणे होतात; हे मात्र कोपऱ्यात राहिले.

तरीही कायद्याआधी लोकांशी बोलायला हवेच, आणि बोलण्याचा सर्वांत सुपीक विषय जन्मठेप हा आहे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, ही समजूत गावोगाव पक्की आहे. कायद्याने ती आयुष्यभराची असते; चौदा वर्षांनंतर सरकार सूट देण्याचा विचार करू शकते, एवढेच. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये आणि पुढे २०१५ मध्ये घटनापीठाद्वारे हेही मान्य केले की, न्यायालय पंचवीस-तीस वर्षे किंवा मरेपर्यंत सूट नसलेली कैद ठरवून देऊ शकते. अर्थात सूट खिरापतीसारखी वाटली जाते, ही शंका निराधार नाही. गुजरात दंगलीतील सामूहिक बलात्काराच्या खटल्यातले अकरा दोषी २०२२ मध्ये सोडले गेले. खटला मुंबईत चालल्यामुळे तो अधिकार गुजरात सरकारचा नव्हताच, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये ती सूट रद्द केली. फाशीविरोधकांनी अशा सुटकांविरुद्ध सर्वांत मोठा आवाज उठवायला हवा. कैद खरी राहील याची हमी नसेल, तर दोर सोडा असे लोकांना सांगण्यात अर्थ नाही.

जरब बसते हा मुद्दा थोडक्यात. फाशीची जरब जन्मठेपेपेक्षा जास्त बसते याला पुरावा नाही, असा निष्कर्ष न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २०१५ मध्ये काढला. बलात्काराच्या बाबतीत तर ती उलटते. सरकारी आकडेवारीनुसार बहुतांश प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. तो काका किंवा शेजारी असला आणि समोर फाशी दिसत असली, की घरातूनच मुलीवर गप्प राहण्याचा दबाव येतो. स्त्रीसंघटनांनी शक्ती विधेयकाला विरोध केला त्यामागे हेही कारण होते.

उरतो दहशतवाद. विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये फाशी रद्द करण्याची शिफारस केली, पण दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळून. त्यानंतर महिन्याभरात, ३० सप्टेंबरला, २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. पाचांपैकी एक जण त्याआधीच कोविडमध्ये नागपूरच्या तुरुंगात वारला होता. राज्य सरकार अपिलात गेले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, पण सुटलेल्यांना परत आत पाठवले नाही. अपिलात काहीही ठरो, तपासावर आणि न्यायालयांवर सर्वाधिक दबाव असतो तो नेमका अशाच खटल्यांत, आणि चुकीची शक्यताही तिथेच वाढते. म्हणून आयोगाचा अपवाद चळवळीला सोयीचा वाटला तरी मला पटत नाही. २६/११ च्या मुंबई हल्ल्यातल्या कसाबच्या गुन्ह्याविषयी शंका नव्हती, हे खरेच. पण एकट्या कसाबपुरते कलम लिहिता येत नाही. लिहिलेले कलम लोकल खटल्यातल्या बारा जणांनाही लागू होते. सभेत कुणीतरी कसाबचे नाव काढणारच, तेव्हा वक्त्याने ते स्वतःच आधी काढावे आणि त्याच दमात हा दुसरा खटलाही तारखांसकट सांगावा.