विजयाची मालिका आणि चाहत्यांची धाकधूक

विजयांची मालिका लांबली की चाहत्यांची धाकधूक कमी होण्याऐवजी वाढते. ‘आता एक पराभव ठरलेलाच’ असा हिशेब मनात सुरू होतो. हिशेब फसवा आहे. मागचे विजय पुढची हार ओढून आणत नाहीत.

तरी धास्ती कधी कधी खरी ठरते. २०२२-२३च्या इंडियन सुपर लीग फुटबॉलमध्ये मुंबई सिटी सलग १८ सामने अपराजित होती, त्यांत ओळीने ११ विजय. गोव्याला ५-३ असे हरवून लीग शील्डही पटकावली. मग बंगळुरूने २-१ने मालिका तोडली आणि उपांत्य फेरीत पेनल्टींवर ९-८ असे बाहेरही काढले.

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये तर संघ तालमीचा, पेठेचा. तिथे शाहू स्टेडियममधली हार गल्लीपर्यंत येते, म्हणून सामन्याआधीची धाकधूकही जास्त.