जालन्याच्या जलाशयांतील मरळ

अमेरिकेतील तलावांत बास नावाच्या शिकारी माशाला जी प्रतिष्ठा लाभली आहे, तिचा आपल्याकडील खरा अधिकारी मरळ होय. कारण बुडालेल्या झुडपांच्या व पाणवनस्पतींच्या आडोशाला निश्चल राहून भक्ष्य टप्प्यात येताच त्यावर झेप घेण्याची रीत दोघांचीही एकच आहे. जालना शहरासाठी निजामी अमदानीत कुंडलिका नदीवर बांधलेला घाणेवाडीचा तलाव घ्या, की बदनापूर तालुक्यातील सोमठाण्याचा ऊर्ध्व दुधना प्रकल्प घ्या, मरळाचा शोध भिंतीजवळच्या खोल पाण्यात घेणे व्यर्थ. तो घ्यावा ओढे येऊन मिळतात त्या उथळ, गवताळ काठाने. या माशाला हवेतूनही प्राणवायू घ्यावा लागत असल्यामुळे तो अधूनमधून पृष्ठभागी येतो, आणि तेथे उठणारे वर्तुळ जाणत्या माणसाला त्याचा ठावठिकाणा सांगते. मग गळाला लहान मासा किंवा बेडूक लावून तो वर्तुळापलीकडे टाकावा व संथपणे ओढीत आणावा. पावसाळ्यात मात्र तांबूस पिलांचा थवा पाण्यावर दिसला, की खाली त्यांचे जनक पहारा देत आहेत असे समजून गळ आवरावा. तेव्हाची शिकार सोपी असते खरी, पण ती मर्दुमकी नव्हे.

मरळाखेरीज या जलाशयांत सोडल्या जाणाऱ्या माशांपैकी कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी चरतो. रोहू-मृगळांना कणकेचा गोळा पुरतो. स्थिर पाण्यात या तिघांची वीण होत नसल्याने बोटुकली बाहेरून आणून सोडावी लागते, आणि ती सोडणाऱ्या मक्तेदाराची, म्हणजे बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेची, परवानगी घेतल्यावाचून तेथे गळ टाकणे सर्वथा गैरवाजवी होय.