जीपचा चौथा गिअर

पनवेलला कुणी ‘चाकांचे गाव’ म्हटले, तर आजच्या मुलांना वाटेल की ते इथल्या रहदारीमुळे. एक रस्ता पुण्याला जातो, एक गोव्याला, आणि दोन्हीकडची वाहने रात्रंदिवस आमच्या डोक्यावरून वाहतात. पण जुन्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून नोंद आहे ती बैलगाडीची चाके बनवण्याची. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. देशावरचा माल घाट उतरून पनवेल बंदरात येई आणि तिथून होडीने मुंबईला जाई. परतणारे गाडीवान इथल्या चाकांची जोडी घेऊन घाट चढत.

सुतारांची ती पिढी गेली, पण चाकाशी असलेले गावाचे नाते गेले नाही. ते गॅरेजांत आले. अशाच एका गॅरेजात, पत्र्याच्या शेडखाली, गेल्या वर्षी आमच्या अण्णांच्या जीपचे भवितव्य ठरले.

जीप साठीच्या दशकातली. महिंद्रची, पेट्रोलवर चालणारी, चारही चाकांना ओढ देणारी, उंच बॉनेटची. मागची आसने काढून अण्णांनी तिथे हौदा करून घेतला होता. त्यातून भाताची रोपे गेली, आंब्याच्या पेट्या गेल्या, एकदा अडलेली गायही गेली. चिखलात ही गाडी कधी रुसली नाही. तिचे रुसणे असे ते डांबरी रस्त्यावर.

कारण तिला गिअर तीनच. वेग पन्नासच्या पुढे गेला की इंजिन किंचाळू लागे. ताई लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हापासून अण्णा आणि आई दर महिन्याला याच गाडीने तिच्याकडे जात. पुढे आईचे कान अधू झाले. त्या आवाजाने तिचे डोके दुखे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उतरत नसे. एक दिवस ती म्हणाली, “तुम्ही जा, मी नाही येत.” अण्णा एकटे दोनदा गेले. मग तेही जाईनात. एसटी आहे, रेल्वे आहे, मुलांच्या गाड्या आहेत, पण अण्णांचे म्हणणे एकच, “मला कुणी पोचवायला नको.”

थोरल्या भावाने दोन मार्ग सुचवले. एक, गाडी भंगारात काढावी. दोन, डिझेलचे नवे इंजिन बसवावे. पहिल्याला अण्णा तयार नव्हते. दुसऱ्यात खर्च मोठा, शिवाय कायद्याची बाब. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार परस्पर करता येत नाही. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते.

तिसरा मार्ग मिस्त्रींनी सांगितला. “अण्णा, इंजिनाला काही झालेलं नाही. त्याला धावायला लावताय म्हणून ते ओरडतंय. त्याला एक गिअर जास्त द्या.”

हे समजून घ्यायला थोडे गणित हवे. या जीपचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जाते. मागच्या धुऱ्यातल्या दातेरी चाकांचे प्रमाण ५.३८ आहे. म्हणजे वरच्या गिअरमध्येही चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला साडेपाचच्या जवळपास फेरे मारावे लागतात. ताशी ६० किलोमीटरला ते मिनिटाला सुमारे २,४५० फेरे घेते, ८० ला सुमारे ३,२५०. यात बनवणाऱ्यांची चूक नव्हती. ही गाडी जन्मली दुसऱ्या महायुद्धात, आणि युद्धानंतर विकली गेली ती शेतकऱ्याची गाडी म्हणून. तिला नांगर ओढायचा होता, घाट चढायचा होता. ताकद हवी तर चाके सावकाश फिरली पाहिजेत, आणि इंजिन भराभर. नंतरच्या जीपांना चार आणि मग पाच गिअर आले. आमची तीनवरच राहिली.

ओव्हरड्राइव्ह हा त्यावरचा जुना उपाय. सुरईएवढी एक पेटी. तिच्यातली दातेरी चाके अशी रचलेली असतात की इंजिनाकडून तीन फेरे आले की पुढच्या दांड्याला चार मिळतात. इंग्लंडमध्ये लँडरोव्हरसाठी फेअरीने आणि अमेरिकेत जीपसाठी वॉर्न कंपनीने अशा पेट्या काढल्या होत्या. म्हणजे ८० च्या वेगाला इंजिन ६० इतकेच फिरणार.

अमेरिकेतल्या पुतण्याला एक जुनी, वापरलेली पेटी मिळाली. दिवाळीला येताना त्याने ती सामानातून आणली. चॉकलेटऐवजी त्याच्या बॅगेतून लोखंड निघालेले पाहून घरातली मुले हिरमुसली.

मिस्त्रींनी मात्र ती आठवडाभर कपड्यात गुंडाळून ठेवली. आधी ब्रेक, म्हणाले. “गाडी पळवणं सोपं. थांबवणार कोण?” चारही चाकांचे ड्रम उघडले, लायनर बदलले, ब्रेकच्या नळ्या नव्या टाकल्या. अण्णा कुरकुरले, पण मिस्त्री बधले नाहीत.

बसवण्याचे काम दोन दिवसांचे. गिअरबॉक्सच्या मागे पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारी पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तिच्या पाठीवर एक झाकण असते. एके काळी तिथे दांडा जोडून शेतातली यंत्रे चालवत. तेल काढून मिस्त्रींनी ते झाकण खोलले, पिन उपसून नट सोडला, आतले दातेरी चाक बाहेर ओढले आणि त्याच्या जागी नवी पेटी सरकवली. ती पूर्ण बसेना. केसभर फट राहिली. त्यांचा पोऱ्या बोल्ट आवळून ती बसवू पाहत होता. मिस्त्री ओरडले, “जोर करू नको. बसत नाही म्हणजे काहीतरी सांगतंय ते.” दांड्याच्या खाचेवर एक बारीक कंगोरा निघाला. तेलाच्या दगडावर तो घासला, आणि पेटी हाताच्या दाबाने जागेवर गेली. मग जमिनीच्या पत्र्याला भोक पाडून छोटा दांडका वर काढला, नव्वद नंबरचे तेल भरले, आणि शंभर किलोमीटरनंतर परत तपासायला बजावले.

निघताना त्यांनी आणखी एक ताकीद दिली. या पेटीने ताकद वाढत नाही, उलट चाकावरची ओढ पाव हिश्शाने कमी होते. म्हणून सपाट रस्त्यावर ती घालायची. घाटात, चिखलात, भरल्या हौद्यासह ती काढायची. पेट्रोलही फार वाचेल असे नाही. “मग उपयोग काय?” भावाने विचारले. मिस्त्रींनी नुसते हात पुसले.

पहिल्या फेरीला मी सोबत होतो. गाडी मी चालवत होतो, कारण डॉक्टरांनी अण्णांना लांबच्या रस्त्यावर स्टिअरिंग धरायला बंदी केली होती. ते शेजारी बसले, आणि खूप विनवल्यावर आई मागे उशी घेऊन बसली. द्रुतगती महामार्ग सोडून आम्ही जुन्या रस्त्याला लागलो. शेडुंग मागे पडल्यावर अण्णांनी माझ्या हाताला खूण केली. मी दांडका ओढला. इंजिनाचा सूर एकदम खाली आला, जसा भांडून दमलेल्या माणसाचा येतो. वाऱ्याचा आवाज राहिला, ताडपत्रीची फडफड राहिली, किंचाळणे गेले.

खोपोलीच्या अलीकडे मी पेटी काढली आणि तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येत घाट चढू लागलो. तिथे इंजिन पुन्हा ओरडले, पण ते चढणाऱ्याचे ओरडणे होते. आईनेही तक्रार केली नाही.

लोणावळ्याच्या पुढे परत पेटी घातली. मागून आई अण्णांना म्हणाली, “अहो, ताईसाठी कोकमं घेतलीत का?”

अण्णांनी मागे वळून पाहिले. “घेतली,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “घेतली गं,” पहिल्यांदा तिला ऐकू आले नसेल म्हणून.

“ऐकलं,” आई म्हणाली.

भावाच्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे मिळाले. मोजायला गेले तर गाडीचे मोल त्या खर्चाइतकेही नसेल. पण आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही तिघे जातो. जाण्याआधी शनिवारी अण्णा गाडीखाली बॅटरी घेऊन वाकतात, तेलाचा डाग पडला आहे का ते पाहतात. आई दारात उभी राहून विचारते, “झालं का तुमचं?” आणि ते खालूनच उत्तर देतात.